मावशी, कोण कोण आलंय?

सिनेमाचा पहिला अर्धा तास माझ्याइतका कोणी पाहिला नसेल. नाशिकच्या आमच्या थिएटरात जेवढे सिनेमे लागले त्यांच्या सुरुवाती मला पाठ आहेत, आणि शेवट विचाराल तर निम्म्यांचे ठाऊक नाहीत. "सिनेमात नोकरी, म्हणजे मज्जाच की तुमची," असं म्हणणाऱ्या बायका मला अजून भाजीबाजारात भेटतात. हलवायाला कोणी विचारत नाही, रोज पेढे खाता का म्हणून. मला मात्र विचारतात. या अंकाच्या संपादकांनीही पहिला प्रश्न तोच विचारला, तेव्हा म्हटलं, एकदाचं लिहूनच टाकावं.

मी बायकांच्या बाजूची डोअरकीपर होते. सत्तर आणि ऐंशीच्या त्या वर्षांत आमच्या बाल्कनीचा डावा भाग बायकांसाठी राखून ठेवलेला असे. तिकिटाची खिडकी वेगळी, जिना वेगळा, आणि जिना संपला की एक जाड मखमली पडदा. त्या पडद्याशी मी उभी. तिकीट घ्यायचं, फाडून अर्धं परत द्यायचं आणि टॉर्च दाखवत बाईला तिच्या खुर्चीवर नेऊन बसवायचं. टारगट पोरं त्या जिन्यावर रेंगाळायची, म्हणून मालकांना तिथे बाईच हवी होती. माझे मिस्टर सातपूरला कारखान्यात पाळीवर जात. एका पगारात भागत नव्हतं, म्हणून मी ही नोकरी धरली. थिएटरात काम करते म्हटल्यावर आमच्या बौद्ध वस्तीतल्या काही जणींनी नाकं मुरडली. नवा सिनेमा लागला की त्याच जणी येऊन पंख्याखालची खुर्ची मागायच्या. मीही द्यायचे.

खाली स्टॉलच्या दारावर बबनराव होते, जुने आणि मुरलेले. टॉर्च कसा धरायचा ते त्यांनी मला शिकवलं. काचेवर दोन बोटं ठेवायची, म्हणजे लालसर, मंद उजेड पडतो. तो पायाशी ठेवायचा, पायरी दिसली की पुरे. माणसाच्या तोंडावर कधी मारायचा नाही. "अंधारात कोण कोणाबरोबर बसलंय, कोण रडतंय, ते आपल्याला दिसतं. दुसऱ्याला दिसायचं कारण नाही," असं ते म्हणायचे. नोकरीभर मी हा नियम पाळला. एकदा मोडला, त्याचीच ही गोष्ट आहे.

सुरुवातीच मला का ठाऊक, ते सांगते. पुरुष सिनेमाला निघतो तेव्हा पायात चपला घालतो आणि निघतो. बाई निघते तेव्हा आधी भाकरी करून झाकते, दूध तापवते, धाकट्याला शेजारी ठेवते, सासूला सांगते आणि मग चपला शोधते. त्यामुळे बायकांची बाजू भरेपर्यंत सिनेमा सुरू होऊन बराच वेळ झालेला असायचा. त्या सगळ्यांना बसवण्यात मी आत-बाहेर करत पहिला अर्धा तास पाहायचे. मग जिन्यावरच्या स्टुलावर बसायचं, इंटरव्हलला पुन्हा दारात यायचं, आणि शेवटच्या मारामारीत दरवाज्यांच्या कड्या काढायच्या. हिरोहिरॉइनचं लग्न व्हायच्या वेळी माझी पाठ पडद्याकडे असायची.

उशिरा येणारी बाई मखमली पडद्यातून आत आली की पहिला प्रश्न ठरलेला. "मावशी, कोण कोण आलंय?" म्हणजे पडद्यावर कोणाकोणाची ओळख होऊन गेली, ते सांग. हे सांगणं माझ्या कामात कोणी घातलं नव्हतं, पण ते माझ्याकडे आलं आणि राहिलं. दारापासून खुर्चीपर्यंत जेवढी पावलं, तेवढ्यात सांगून व्हायला हवं. आवाज शेजारच्या खुर्चीला जाता कामा नये. नव्या सिनेमाचा पहिला खेळ झाला की घरी भाकरी थापताना मी ते वाक्य घोटून ठेवायचे. माझी मुलगी सुजाता तेव्हा लहान होती. ती ऐकता ऐकता शिकली आणि जेवायला बसली की माझीच नक्कल करायची. "भाकरी हिरो. वांगं गुंड. ठेचा पहिल्यांदा रडवेल, मग आवडेल."

मग कॉलेजचे सिनेमे आले, आणि माझं काम एकदम सोपं झालं. त्यातलं कॉलेज एक पाहिलं की सगळी पाहिली. गेटातून मोटारसायकल येणार. आधी चाक दिसणार, मग बूट, मग पाठ, आणि तोंड सगळ्यात शेवटी. तोंड दिसलं की खाली स्टॉलमध्ये शिट्ट्या. हिरोला दोन पोरं असावीत असं वय, पण हातात एक वही असली की तो विद्यार्थी. श्रीमंत मुलगी गाडीतून यायची आणि तिच्या सँडलची टाच आधी जमिनीला टेकायची. साध्या मुलीच्या हातची पुस्तकं पडणार म्हणजे पडणारच. जाडा मुलगा काहीतरी खातच पडद्यावर यायचा. गुंड मुलाच्या मागे तिघे, तो हसला की हसणारे. प्रोफेसर विसराळू, प्रिन्सिपॉल तापट. आणि एक चष्मेवाली. तेल चोपडून दोन घट्ट वेण्या, छातीशी पुस्तकं. ती आली की अख्खं थिएटर हसायचं. पुढे कुठल्याशा गाण्यात ती चष्मा काढायची, केस मोकळे सोडायची आणि एकदम सुंदर व्हायची. चष्मा काढल्यावर तिला दिसायचं कसं, हे मला कधी कळलं नाही. आमच्या सुजाताचा चष्मा काढला तर तिला बसचा नंबर वाचता येत नसे.

या मंडळींत गरीब मुलाची आईही असायची. ती शिवणयंत्रावर बसून खोकायची. ती दिसली की बायकांच्या बाजूने च्च च्च असा आवाज यायचा. आमच्या वस्तीत शिवणयंत्र एकाच घरी होतं, आणि ती बाई आमच्यात पैसेवाली समजली जायची. सिनेमातली गरिबी आमच्यापेक्षा थोडी बरी होती, असं मला वाटायचं. त्या कॉलेजांत सगळे होते, पण आमच्या गल्लीतून गेल्यासारखं कोणी मला तरी दिसलं नाही.

माझं वाक्य असं व्हायचं: "मोटारसायकल हिरो. टाचवाली श्रीमंत, पण सुधारेल. जाडा हसवेल. चष्मेवाली गाण्यात चष्मा काढेल. शिवणयंत्र म्हणजे आई." बाई खाली बसायची आणि तिचं काही अडायचं नाही. सिनेमा काढणाऱ्यांनाही ठाऊक असावं की निम्मी माणसं उशिरा येतात. म्हणूनच ते प्रत्येकाच्या अंगाला एकेक खूण अडकवून ठेवत असतील.

ही विद्या एकदाच माझ्या अंगाशी आली. दिंडोरीकडच्या ठकूबाई म्हणून एक म्हाताऱ्या बाई होत्या. घरची द्राक्षबाग. नाशकात लेकीकडे आल्या की सिनेमा ठरलेला, आणि उशीरही ठरलेला. हाताच्या बोटांवर फवारणीच्या मोरचुदाचा निळा डाग असायचा आणि पिशवीत माझ्यासाठी द्राक्षाचा घड. त्यांचा प्रश्न सगळ्यांपेक्षा वेगळा होता. "कोन वाईट हाय तेवढं सांग. बाकीचं मी बघते." वाईट माणूस कळला की त्या पडद्याकडे बघून त्याला पुटपुटत शिव्या द्यायच्या, त्यातच त्यांचे पैसे वसूल व्हायचे. एका सिनेमात मी सांगितलं, "काळं जाकीट." मागे तिघे हसणारे होते, तोंडात सिगारेट होती, दुसरं काय सांगणार? निघाला उलटाच. काळ्या जाकिटानेच शेवटी हिरॉइनला वाचवलं, आणि रोज मास्तरांच्या पाया पडणारा गुणी मुलगा चोर निघाला.

सिनेमा सुटल्यावर ठकूबाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "माह्या समद्या शिव्या वाया गेल्या ना, बाई. त्या पोराच्या सात पिढ्या उद्धारल्या मी, अन् ते तं देवमाणूस निघालं."

"आजी, दिसायला तसाच होता हो."

"दिसायला?" त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तू बी दिसण्यावरच जाती व्हय?"

पुढच्या खेपेला घड आणला, पण निम्माच.

त्यांनीच एकदा बागेत कामाला येणाऱ्या एका बाईला सोबत आणलं होतं. पेठच्या डोंगराकडची आदिवासी, कधी थिएटरात न आलेली. त्या सिनेमात कॉलेजची सहल जंगलात जाते, आणि तिथे डोक्यात पिसं खोवलेली, तोंडाला पट्टे ओढलेली माणसं शेकोटीभोवती नाचतात. तिनं मला खुणेनं जवळ बोलावलं आणि ही कुठल्या देशाची माणसं, असं विचारलं. मी म्हटलं, सिनेमावाल्यांच्या हिशोबाने ही तुमच्याकडचीच. ती पदर तोंडात धरून खूप हसली. मग हसायची थांबली, आणि इंटरव्हलनंतर पडद्याकडे न बघता मांडीवरच्या हातांकडे बघत बसली. ती बाई मला पुष्कळ दिवस आठवत राहिली.

आता सुजाताचं सांगते. ती आमच्या गल्लीतून कॉलेजात गेलेली पहिली मुलगी. जाड भिंगांचा चष्मा, दोन घट्ट वेण्या, आणि वेण्यांना तेल मीच लावून देत असे. कॉलेज सुरू झालं त्या आठवड्यात ती एका संध्याकाळी माझ्याजवळ तांदूळ निवडत बसली होती. माझी त्या दिवशी सुटी होती.

"आई, आज सरांनी एकेकाला उभं करून ओळख द्यायला लावली," ती म्हणाली. "मी सांगितलं, वडील सातपूरला कारखान्यात आहेत."

"मग?"

"आणि आई घरीच असते म्हणाले."

मी भाकरी थापत होते, थापत राहिले. "सकाळची असतेच की घरी," मी म्हटलं.

मला वाईट वाटलं. खोटं कशाला लिहू, फार वाईट वाटलं. तिलाही ते कळलं.

"तुझी लाज वाटते म्हणून नाही गं," ती म्हणाली. "पण पहिल्या दिवशी जे दिसतं तेच माणूस होऊन बसतं. तूच नाही का सांगत, जाडा म्हणजे हसवणार? मी उभी राहिले तेव्हा चष्मा आणि वेण्या बघून मागच्या बाकावरच्या मुली हसल्या. मीनल म्हणून एक आहे, ती सगळ्यात जोरात. त्यात थिएटरचं सांगितलं असतं तर संपलंच. मग मी कितीही मार्क पाडले तरी डोअरकीपरची पोरगी."

माझंच शास्त्र ती मला सांगत होती. मी म्हटलं, "मैत्रिणींबरोबर कधी आलीस, तर मी ओळख दाखवणार नाही. तिकीट फाडीन, बसवीन, बास." तांदळातला खडा काढून तिनं बाजूला टाकला आणि दुसरा शोधायला लागली.

दिवाळीनंतर कॉलेजचा एक नवा सिनेमा लागला. नाशिकची सगळी पोरं त्यानं वेडी केली. शाळकरी मुलंही केसांचा कोंबडा काढून फिरायला लागली. एके दिवशी सुजाता म्हणाली, "आई, शनिवारी मॅटिनीला आमच्या वर्गातल्या मुली येणारेत. मीनलनं ठरवलंय. मी नाही म्हटलं तर का म्हणून विचारतील."

"ये की," मी म्हटलं. "ठरलंय ना आपलं."

शनिवारी सकाळी मी बबनरावांना विचारलं, आजच्या दिवस जागा बदलू या का? ते म्हणाले, "मी बायकांच्या जिन्यावर? मालक मला त्याच जिन्यावरून खाली टाकतील." मग कारण विचारलं. मी सांगितलं. त्यांनी विडी विझवली आणि म्हणाले, "तुम्ही नेहमीसारखं काम करा, बाई. अंधारात कोणाला काय कळतंय."

मुली हसतखिदळत जिना चढून आल्या. मी एकेकीचं तिकीट फाडलं. सुजाता सगळ्यात शेवटी होती. तिनं तिकीट पुढे केलं, नजर माझ्या हातावर. एरवी माझं तिकीट बरोबर रेघेवर फाटायचं. तिचं वाकडं फाटलं. मी त्या सगळ्यांना पंख्याखालच्या रांगेत नेऊन बसवलं. आईला करता येण्यासारखं तेवढंच होतं. "मावशी किती चांगल्या आहेत ना," एक मुलगी म्हणाली. सुजाता मान खाली घालून बसली. तिच्या बाजूची कडेची खुर्ची मीनलसाठी ठेवली होती, ती अजून यायची होती.

सिनेमा सुरू झाला. मोटारसायकल आली, शिट्ट्या झाल्या. टाच टेकली. जाडा केळं खात आला. चष्मेवाली आली, आणि थिएटर हसलं. सुजाताच्या रांगेतल्या मुलीही हसल्या. मी दाराच्या पडद्याशी उभी होते. मागून मला सुजाताच्या दोन वेण्या दिसत होत्या, त्या हलल्या नाहीत.

एवढ्यात ठकूबाई आल्या, आणि त्यांच्या पाठोपाठ मीनल. म्हातारीला हाताला धरून मी सुजाताच्या बरोबर मागच्या रांगेत बसवलं. "थांबा आजी, सांगते," म्हटलं आणि मीनलला कडेच्या खुर्चीपाशी नेलं. पडद्यावर तेव्हा शिवणयंत्रावरची आई खोकत होती. च्च च्च सुरू झालं होतं. मीनल बसली आणि सवयीने म्हणाली, "मावशी, कोण कोण आलंय?"

मी वाकले. रोजचं वाक्य, झोपेतही म्हणता येईल असं. पण शेजारी माझी पोर, आणि मी तिला परकी समजून बोलायचं. वाक्य काही केल्या बाहेर येईना.

"मी सांगते," सुजाता म्हणाली.

हळू, माझ्याच चालीत, दारापासून खुर्चीपर्यंत पुरेल एवढंच ती बोलली. "मोटारसायकल हिरो. टाचवाली श्रीमंत, पण सुधारेल. जाडा हसवेल. चष्मेवाली गाण्यात चष्मा काढेल. शिवणयंत्र म्हणजे आई." मग जराशी थांबली. "आणि टॉर्चवाली माझी आई. खरी."

मीनल पडद्याकडेच बघत होती. "टॉर्चवाली कुठे आहे?"

"तुझ्या शेजारी उभी आहे ती."

माझी बोटं काचेवरून सुटली. टॉर्चचा सगळा उजेड सुजाताच्या तोंडावर पडला. चष्मा चमकला, आणि त्याच्या आतले भरलेले डोळे मला दिसले. मला टॉर्च बंद करायचं सुचेना. "अहो बाई, टॉर्च," "काय चाललंय तिकडे," असे आवाज यायला लागले. तेव्हा मागून ठकूबाईंचा शेतात हाक मारायचा आवाज आला. "गप बसा गं. आपली पोर बघती हाय ती. बघू द्या."

मीनलनं वळून मला नीट पाहिलं. मला वाटलं, आता ही हसणार. ती म्हणाली, "अय्या, म्हणजे सुजाता, तुला सगळे सिनेमे फुकट?"

सुजाताला भीती होती ते झालंच. सोमवारपासून कॉलेजात तिचं नाव टॉर्च पडलं, ते पदवी मिळेपर्यंत टॉर्चच राहिलं. घरी येऊन तिनं सांगितलं तेव्हा मी घाबरून तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "असू दे. चष्मेवालीपेक्षा बरं आहे." पुढे एकदा मी तिला विचारलं होतं, ठरलेलं असताना बोललीस कशी? तिनं सांगितलं, "सगळ्या जणी त्या पडद्यावरच्या आईसाठी डोळे पुसत होत्या, आणि तू तिथे अंधारात वाकून उभी. मला ते बघवलं नाही." आज ती ओझरकडे शाळेत शिकवते. नवा वर्ग आला की पहिल्या दिवशी मुलांना उभं करून आईवडील काय करतात हे ती विचारत नाही. महिना-दोन महिने गेल्यावर आपोआप कळतं म्हणते.

बायकांचा वेगळा जिना पुढे बंद झाला, आणि पुष्कळ वर्षांनी थिएटरही. माझा टॉर्च घरी आहे. वीज गेली की उपयोगी पडतो.

त्या दिवशी टॉर्च बंद केल्यावर मी अंधारात तशीच उभी राहिले होते. ठकूबाईंनी मागून माझा पदर ओढला. "आता तरी सांग बाई, कोन वाईट हाय?"

"आजी," मी म्हटलं, "आजचा तुमचा तुम्ही बघा."

आणि मी सुजाताच्या खुर्चीमागच्या पायरीवर, ठकूबाईंच्या पायाशी बसले. नोकरीत पहिल्यांदाच अशी खाली बसले. सुजातानं न बघता हात मागे केला. दरवाज्यांच्या कड्या त्या दिवशी बबनरावांनी काढल्या, म्हणजे तो एक सिनेमा मी अगदी शेवटपर्यंत पाहिला असणार. शेवटी कोणाचं काय झालं, ते मात्र आठवत नाही. तिचा हात सिनेमा संपेपर्यंत माझ्या हातात होता.